अकरा तिवया आणि एक दार

४ फेब्रुवारी

आत्या,

तुला नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा.

आज सकाळी साडेनऊ वाजता मी एका भल्यामोठ्या रबरी चेंडूवर बसलो आणि पडलो. एकांतात नाही. अठरा गरोदर बायका आणि त्यांचे सतरा नवरे यांच्या देखत पडलो. अठरावा सोबती मी.

कसा ते सांगतो. तुझ्या भिंगरीला आठवा लागला. जावईबापू मालवाहू जहाजावर, मे महिन्यापर्यंत त्यांच्या चारी बाजूंना पाणी. म्हणून ती आमच्याकडे आली आहे. इथल्या इस्पितळात आता नवीन पद्धत आहे. दर मंगळवारी होणाऱ्या आयांचा वर्ग भरतो आणि प्रत्येकीनं एक सोबती आणायचा. हाच सोबती पुढे प्रसूतीच्या खोलीतही आत बसणार. एकच. मागच्या मंगळवारी भिंगरीची आई गेली होती. तिथे पडद्यावर प्रसूतीची फिल्म लावली. बाळाचं डोकं दिसायच्या आत ही आडवी, तीही शेजारच्या बाईच्या नवऱ्याच्या मांडीवर. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "मी बाहेर बसून काळजी करीन. ते मला चांगलं जमतं."

म्हणून आज मी गेलो. मला वाटलं, पिशवी धरायला जातोय.

वर्ग घेणारी ताई भिंगरीच्याच वयाची असेल. चेंडूवरून पडल्यावर तिनं मला उठवलं आणि कळा येतील तेव्हा कमरेवरून हात कसा फिरवायचा ते शिकवलं. मी फिरवला. पंचवीस-तीस वर्षांची सुतारकामाची सवय, हात आपोआप लाकडाच्या रेषा बघून फिरतो. ताई म्हणाली, "काका, फळी नाहीये ती. माणूस आहे." सतरा नवरे हसले. भिंगरी इतकी हसली की तिला खुर्चीवर बसवावं लागलं.

शेवटी एक फॉर्म आला. ‘सोबत्याचं नाव’ या रकान्यात भिंगरीनं मला न विचारता माझं नाव लिहिलं. नातं: बाप. मी म्हटलं, "अगं, बघू." ती म्हणाली, "बाबा, बघायचं काय त्यात? तू शांत आहेस. आई आत आली तर बाळंतीण कोण तेच डॉक्टरांना कळायचं नाही."

आत्या, मी शांत नाही. मी गप्प आहे. यातला फरक तुला माहीत आहे.

घरी येऊन बाबांच्या तिवईवर बसलो. तीच ती, पुढून अर्ध्या चंद्रासारखी कापलेली, जिच्यावर मी रोज सकाळी डोळे मिटून बसतो. देवाला विचारलं. तो काही बोलला नाही, म्हणून तुला विचारतो. तू अडतीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढलीस. तुझा शब्द भिंगरी खाली पडू देणार नाही. तिला एवढंच लिही की हे बाप्यामाणसाचं काम नव्हे. उलट टपाली लिही.

तुझा, चेंडूवरून पडलेला,
रंध्या


९ फेब्रुवारी

रंध्या,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण भिंतीवर ठोकायला लागली. मला ऐकू आलं नाही, तिनं येऊन सांगितलं. मग तिला पत्र वाचून दाखवलं. आता तीही हसते आहे, आणि तिचं हसणंही मला ऐकू येत नाही, हे एक बरं आहे.

भिंगरीला मी असलं काही लिहिणार नाही. ‘बाप्यामाणसाचं काम नव्हे’ म्हणे! हे वाक्य मी अडतीस वर्षं फाटकाशी उभी राहून म्हटलंय. शिंगं मोडलेल्या बैलांसारखे नवरे बाहेर उभे असायचे आणि मी म्हणायचे, "घरी जा, चहा प्या, झालं की कळवू." कायदाच होता तो. नवरा फाटकाबाहेर, आई पायरीवर, आणि बाळंतीण एकटी.

आमच्या वेळची पद्धत ऐक. बाई आली की आधी वस्तऱ्यानं साफ करायची, मग एनिमा, मग लोखंडी टेबलावर उताणी. पाय दोन खांबांना पट्ट्यांनी बांधायचे. पाण्याचा घोट नाही. ओरडली की "गप्प बैस, तुलाच पहिल्यांदा होतंय का?" हे मीही म्हटलंय, रंध्या. बऱ्याच जणींना खरोखर पहिल्यांदाच होत असायचं. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते. बाळ झालं की उचलून वेगळ्या खोलीत. बापाला काचेतून दाखवायचं. एका बापाला मी सलग तीन दिवस दुसऱ्याचंच बाळ दाखवलं. तो रोज म्हणायचा, "अगदी माझ्यासारखं दिसतं."

पण एक सांगते, त्याच भिंतींत बायका वाचल्या. घरी रक्तस्राव थांबला नसता अशा कित्येक जणी आमच्या टेबलावरून चालत घरी गेल्या. म्हणून मी त्या जागेला शिव्या देणार नाही. फक्त वाचवण्याच्या घाईत आम्ही माणसाला बांधून ठेवलं, हे आता नव्या पोरींनी ओळखलंय. तुझ्या ताईला माझा नमस्कार सांग. तिला म्हणावं, एका म्हातारीला तुझा हेवा वाटतो.

लाज सोड आणि जा. बापाला मुलीची कसली लाज?

आणि हो, ती तिवई कोणती म्हणालास? पुढून कापलेली? उंची, रुंदी, सगळं मोजून कळव. लगेच.

तुझी,
आत्या (कान गेले, डोळे शाबूत)


१४ फेब्रुवारी

आत्या,

लाजेबद्दल नंतर लिहीन. आधी तिवई, कारण तिच्याबद्दल लिहायला मला आवडतं.

उंची एक वीत आणि चार बोटं. रुंदी सव्वा हात. पाय तीन: दोन पुढे, चंद्राच्या दोन टोकांखाली, आणि एक मागे. पुढचा कापलेला भाग आतवर एक वीत जातो. कडा इतक्या गोल घासलेल्या की बोट कुठे अडत नाही. दोन्ही बाजूंना खाली मूठ मावेल अशा खाचा आहेत, उचलायला. लाकूड जड, तेल पिऊन काळं झालेलं. एकही खिळा नाही. बाबांनी ही केव्हा केली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी लहान असताना ते तिच्यावर बसून करवतीला धार लावायचे, म्हातारपणी तिच्यावरच बसून देवाचं नाव घ्यायचे. मी विचारलं होतं, "बाबा, पुढून अशी का कापलीत?" ते म्हणाले, "मोठा झालास की कळेल." मग मी मोठा झालो आणि मला कळलं.

पुढची बाजू उघडी आहे, कारण देवापुढे बसताना माणसानं पुढून मोकळं असावं. मध्ये काही आड नको. बाबा शाळा फारशी शिकले नव्हते, पण विचार किती खोल, बघ.

तुला ठाऊक आहे, आमच्या गल्लीच्या टोकाच्या खोलीत आम्ही अकरा जण रोज सकाळी साडेसहाला प्रार्थनेला बसतो. सगळे साठीच्या पुढचे, मीच तेवढा लहान. खाली बसलं की गुडघे बोंब मारायचे. दोन वर्षांपूर्वी मी बाबांची तिवई नेली, आणि सगळ्यांना ती इतकी आवडली की मी हुबेहूब तशाच दहा केल्या. वाटताना छोटंसं भाषणही केलं, मोकळेपणाबद्दल. पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. शिंपीकाका चंद्राच्या खाचेत चष्म्याची डबी ठेवतात. मुख्याध्यापकबाईंनी पहिल्या दिवशी तिवई उलटीपालटी करून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, गालात हसल्या आणि काही न बोलता बसल्या. फार भाविक बाई.

का विचारलंस? तुलाही हवी आहे का? पंधरा दिवसांत करून पाठवतो.

रंध्या


१८ फेब्रुवारी

अरे देवा, रंध्या!

दोन दिवस मी पेन हातात धरू शकले नाही. शेजारणीला वाटलं मला झटका आला.

नीट बस. तिवईवर नको, खुर्चीवर बस. मग वाच.

ती तिवई बाळंतपणाची आहे. आमच्या गावात दाई होती, तिच्यासाठी तुझ्या बापानं ती केली. तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं. दाईनं मोजमाप हातवारे करून सांगितलं आणि तो लाजून मान खाली घालून करत गेला. बाईनं तिच्यावर बसायचं, मागून कोणीतरी काखेतून हात घालून धरायचं, दाईनं पुढे जमिनीवर बसायचं. पुढचा चंद्र कशासाठी आहे ते आता तुझं तुला कळलं असेल. मोकळेपणासाठीच आहे, तुझं काही चुकलं नाही! त्या बाजूच्या खाचा उचलायला नव्हेत. कळ आली की मुठी आवळायला आहेत.

अर्धं गाव त्या चंद्रातून आलं. तूही. तू तिच्यावरच जन्मलास, बाळा, आणि पन्नाशीला आलास तरी अजून उठला नाहीस.

मी दाईची मदतनीस होते, म्हणून तिवई आमच्याच घरी असायची. पुढे शहरात नर्सिंग शिकायला गेले. पहिल्याच महिन्यात मोठ्या बाईंनी वर्गात सांगितलं की असली लाकडं म्हणजे घाण, जंतू, अडाणीपणा. बाई उताणीच पाहिजे. मी घरी येऊन दादाला म्हटलं, "ती तिवई लपव, कोणी विचारलं तर धार लावायचं बसणं आहे म्हण." त्यानं जन्मभर तसंच म्हटलं. माझा भाऊ शब्दाचा पक्का. आणि आता तू लिहितोस की तुझ्या इस्पितळात बायकांना चेंडूवर बसवतात, चालायला लावतात, उताणं झोपू नका म्हणतात. म्हणजे पन्नास वर्षं फेरी मारून आम्ही दाईच्या अंगणातच आलो, फक्त आता हात धुऊन आणि रक्ताच्या बाटल्या घेऊन आलो. दाई असती तर तिनं आधी मला एक ठेवून दिली असती आणि मग तुझ्या ताईचा मुका घेतला असता.

आता त्या दहा जणांना तू काय सांगणार? मला कळव. सविस्तर. कोण काय म्हणालं, सगळं.

तुझी आत्या


२५ फेब्रुवारी

आत्या,

चार सकाळी मी डोळे मिटून बसलो आणि माझं लक्ष लागेना. पोस्टमास्तर समोर बसलेले. पांढरी दाढी, हात जोडलेले, आणि खाली ती. एकदा मला हसू फुटलं, मी ते खोकल्यात घातलं. देवाच्या दारी खोटा खोकला मला सोसेना. पाचव्या दिवशी प्रार्थना संपल्यावर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.

मग पोस्टमास्तर विंचू चावल्यासारखे ताडकन उठले. गेल्या दोन वर्षांत ते इतक्या वेगानं उठलेले कोणी पाहिले नव्हते. शिंपीकाकांनी खाचेतली चष्म्याची डबी हळूच उचलली, सदऱ्याला पुसली आणि खिशात ठेवली. मुख्याध्यापकबाई तेवढ्या बसून होत्या. म्हणाल्या, "माझ्या आजीकडे अशीच होती. मी पहिल्याच दिवशी ओळखली."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुमचं भाषण इतकं छान चाललं होतं."

पोस्टमास्तर म्हणाले, "पण बाई, म्हणजे आपण सगळे रोज सकाळी यावर..."

"बसा खाली," बाई म्हणाल्या. "जो आईच्या पोटातून आला नाही त्यानं सांगा, त्याला मी चटई देते."

कोणीच चटई मागितली नाही. पोस्टमास्तर आधी एका बाजूनं टेकले, मग पूर्ण बसले. त्यानंतर आम्ही अकरा जण इतके हसलो की खालचा दूधवाला वर बघायला आला. तो गेल्यावर बाईंनी चार बाळंतपणांच्या गोष्टी सांगितल्या आणि शिंपीकाका रडले. त्यांची आई त्यांच्या जन्मात गेली होती, हे आम्हाला दोन वर्षांत माहीत नव्हतं.

तेव्हा वाटलं, खरं सांगितलं की बरं होतं. म्हणून तुलाही सांगतो.

मला लाज नाही वाटत, आत्या. भीती वाटते. भिंगरीच्या वेळी तू वॉर्डात होतीस. मी फाटकाबाहेर उभा राहीन असं हिला वचन दिलं होतं. उभाही राहिलो. मग आतून हिचा आवाज आला. माणसाचा नाही, आपल्या माणसाचा. आणि माझे पाय चालू लागले. मी थेट तीन गल्ल्या पलीकडच्या लाकडाच्या वखारीत गेलो आणि तिथे कोणाची तरी चौकट तासत बसलो. कोणाची ते आजही माहीत नाही. तू निरोप पाठवलास तेव्हा परत आलो. हिला तू सांगितलं होतंस, "तो दाराबाहेरून हलला नाही." ही तेच धरून बसली आहे. सव्वीस वर्षं पाहुण्यांना सांगते, "आमचे हे दारातून हलले नाहीत." मी पाहुण्यांना पाणी आणायला उठतो.

तीच भिंगरी आता म्हणते, तू शांत आहेस. या वेळी मी पळालो तर सांभाळून घ्यायला तू तिथे नसशील. आणि ती समोरून बघत असेल. फॉर्मवरचं नाव बदलायला वीस मार्चपर्यंत मुदत आहे. तू म्हणशील तसं करतो.

रंध्या


२ मार्च

रंध्या,

तू वखारीत होतास हे मला तेव्हाच माहीत होतं. निरोप घेऊन मी माणूस कुठे पाठवला होता? वखारीतच ना? वेडा कुठला.

आता एक गोष्ट. ती कोणाला सांगायची नाही असं मी आणि दादानं ठरवलं होतं. दादा गेला, वहिनी गेली, दाई तर केव्हाच गेली. उरले मी, आणि मला आता कोण विचारणार?

तुझ्या जन्माच्या दिवशी दाई दुसऱ्या वस्तीवर गेली होती. तुझी आजी लेकीकडे. घरात वहिनी, मी आणि दादा. मी सतरा वर्षांची. वहिनीला सकाळपासून कळा, आणि दुपार झाली तशी मला कळलं की दाई येईपर्यंत हे थांबायचं नाही. मी तिवई मांडली. पुढे मी बसणार, पण मागून धरणार कोण? दादा अंगणात फळी रंधत होता. नुसताच रंधत होता, फळीचा पापड झाला तरी. मी त्याचा कान धरून आत आणला. म्हटलं, "बस मागे आणि धर."

धरलं त्यानं. कळ आली, वहिनी ओरडली आणि तुझा बाप उठून पळाला. मी शिव्या घातल्या. तो परत आला, बसला, धरलं. पुन्हा कळ, पुन्हा पळाला. या वेळी मी शिव्या घालायलाही मोकळी नव्हते, तुझं डोकं माझ्या हातात होतं. तरी तो आपणहून आला. हात धुऊन आला. आणि मग राहिला. वहिनीनं त्याच्या मनगटावर जे दात रोवले ते वण तू पाहिले असशील. तो म्हणायचा, करवत लागली.

दाई आली तेव्हा तू आईच्या छातीवर होतास आणि दादा दाराआडच्या फळ्यांमागे लपला होता. बाप्यामाणूस आत होता हे कळलं असतं तर दाईनं आमच्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नसतं. तिनं विचारलं, "मागून कोणी धरलं गं?"

मी म्हटलं, "भिंतीनं."

दाई फळ्यांकडे बघून म्हणाली, "भिंत बरी आहे तुमची. पाय दिसतायत तिचे."

मग रंध्या, हिशोब असा: तुझा बाप दोनदा पळाला आणि तीनदा आत आला. मी त्याला आयुष्यभर धीराचा माणूस मानला. पळणं न पळणं मी मोजत नाही. नाव बदलायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

आत्या


२९ मार्च, कार्ड

सूनबाईचं पत्र मिळालं. नात झाली, दोन किलो नऊशे, दोघी सुखरूप, जावळ भरपूर. चार पानं लिहिलीत. तुझ्याबद्दल एक अक्षर नाही.

आत की बाहेर?

आत्या


२ एप्रिल

पणजीबाई,

आता तुला आत्या म्हणायचं की हे, ठरव आणि कळव.

वीस मार्चला मी इस्पितळाच्या खिडकीपर्यंत गेलो होतो, फॉर्म बदलायला. पुढे एक नवरा उभा होता, त्याच्या बायकोला कुठलं जेवण चालेल ते विचारत होता. त्याचं संपेपर्यंत मी थांबलो. मग खिडकीतल्या माणसानं विचारलं, "तुमचं काय काम?" मी म्हटलं, "तुमची ही खिडकी घासते. वरच्या कडेला मेण लावा." आणि घरी आलो.

सव्वीसला सकाळी दहाला भिंगरी दुकानात आली. म्हणाली, "बाबा, रंधा ठेव." मी ठेवला. पण कानावरची पेन्सिल तशीच राहिली.

खोली कशी होती सांगतो, तुला आवडेल. लोखंडी टेबल नाही. खिडकीला पडदा, भिंतीला धरायला कठडा, एक पलंग, तो ओळखीचा चेंडू, आणि कोपऱ्यात एक फिकट निळी प्लास्टिकची वस्तू. मी जवळ जाऊन पाहिलं. तीन पाय. पुढून अर्धा चंद्र. बाजूला मुठीसाठी खाचा. मी खाली बसून वीत लावली. एक वीत आणि चार बोटं! पायांची फाक बघत होतो तेवढ्यात भिंगरीला कळ आली आणि ती ओरडली, "बाबा, मोजू नकोस, धर!"

मी धरलं. वर्गातली ताईच होती त्या दिवशी, नशीब. तिनं मला मागे बुटक्या बाकावर बसवलं, भिंगरीला त्या निळ्या तिवईवर, आणि स्वतः पुढे जमिनीवर बसली. ताई भिंगरीला पाणी पाजत होती, बाळाचे ठोके ऐकत होती, आणि एकदाही "गप्प" म्हणाली नाही. उलट म्हणाली, "ओरड, अजून मोठ्यानं." भिंगरीनं जावईबापूंना जहाजासकट बुडवलं. मला शाळेपासूनचं सगळं सुनावलं, तिची सायकल मी विकली होती ती धरून. मी म्हटलं, "नवी घेऊ." ती म्हणाली, "आता नको, आता मी बसू शकत नाही!" ताई हसली, भिंगरी हसली, आणि हसता हसता तिच्यातून तो आवाज आला.

तोच. तिच्या आईचा.

आणि आत्या, माझे पाय चालू लागले. दार उघडलं कधी, बाहेर आलो कधी, कळलं नाही. समोर बाकावर ही बसलेली. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात, अगदी मन लावून काळजी करत होती. मला बघितलं. मी म्हटलं, "ऐक, मला तुला सांगायचंय, भिंगरीच्या वेळी मी दारात नव्हतो, मी..."

"वखारीत होतात," ही म्हणाली.

मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"आत्यांनी नियम मोडून तुम्हाला आत आणलं तेव्हा तुमच्या केसांत भुसा होता. वाकून पोरीला बघितलंत, तो तिच्या नाकावर पडला. तिची पहिली शिंक त्याचीच."

"मग सव्वीस वर्षं पाहुण्यांना काय सांगतेस?"

"तुम्ही पाणी आणायला उठता. एरवी उठता का?" मग तिनं माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. "त्या वेळी तीन गल्ल्या गेला होतात. या वेळी दारापर्यंत. सुधारणा आहे. आता जा."

मी हात धुतले. ताईनं मान वर न करताच विचारलं, "काका, आलात?" भिंगरी म्हणाली, "कुठे गेला होतास?" मी म्हटलं, "बाहेर. घाबरलो होतो." ती म्हणाली, "मीपण. बस." मी मागे बसलो, तिच्या काखेतून हात घातले, आणि तिनं माझं मनगट धरलं. दात नाही लावले, नखं लावली. बाबांच्या वणापेक्षा जरा खाली आहेत. मी कोणाला करवत सांगणार नाही.

मी प्रार्थना करायची ठरवली होती, पण शब्द आठवेनात. नुसता तिच्या श्वासाबरोबर श्वास घेत होतो. इतकी वर्षं सकाळी डोळे मिटून मी ज्याला हाक मारतो, तो त्या दिवशी मला डोळे उघडे ठेवायला सांगत होता असं वाटलं. चार वाजून वीस मिनिटांनी ती आली. ओली, चिडलेली, मुठी आवळलेली. ताईनं तिला उचलून कुठल्या दुसऱ्या खोलीत नेलं नाही, सरळ आईच्या छातीवर ठेवलं. नाळेचे ठोके थांबेपर्यंत वाट पाहिली. मग कात्री माझ्यापुढे केली. "आजोबा, कापणार?" मी आधी कात्रीची धार अंगठ्यावर बघायला गेलो. ताईनं माझ्या हातावर चापट मारली, मला नवीन हातमोजे घातले, आणि मग मी कापली. एका घावात, सरळ.

बाहेर येऊन हिला आत पाठवलं. ही गेली, बाळाला बघितलं आणि पडली. या वेळी निदान पलंगावर पडली. तुला चार पानं लिहिली ती तिथूनच, आडवी असताना.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला गेलो. पोस्टमास्तरांनी उभं राहून मला बसायला सांगितलं, शिंपीकाकांनी नातीसाठी झबलं आणलं होतं. ताईनं लाकडी तिवई बघायला मागितली आहे. खोलीत नेता येणार नाही, धुता येत नाही म्हणून, पण होणाऱ्या आयांच्या वर्गात ठेवायची म्हणते. बाबांची तिवई मी उद्या देऊन येणार आहे. धार लावायचं बसणं आहे असं सांगणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. भिंत एकदा दाराबाहेर पळाली, आत्या, आणि दोनदा आत आली. दुसऱ्यांदा आली ती शेवटपर्यंत हलली नाही.

रंध्या